खाडीच्या गढुळात बाटल्या शोधायच्यात, पण कुणाला कळता कामा नये

पत्र : मी २४ वर्षांचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. ऑक्टोबर ते मे मालवणला स्कूबाच्या कामाला असतो, पहिला कोर्स झालाय. गेल्या मार्चमध्ये काकांच्या जाळ्यात गोटीवाली सोड्याची जुनी बाटली आली. मी फोटो टाकला तर मुंबईच्या एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, असतील तितक्या घेतो, फक्त कुठे मिळाल्या ते कुणाला सांगू नकोस. आमच्या जुन्या धक्क्यासमोर पूर्वी मुंबईची बोट थांबायची. तिथे तळाला खूप बाटल्या असणार. पाणी सहा-सात मीटरच आहे, पण इतकं गढूळ की आपलाच हात दिसत नाही. कामावरचा एक सिलिंडर दोन दिवस गुपचूप आणून पहाटे एकटाच उतरणार आहे. काकांना सांगितलेलं नाही, गावात कळलं तर सगळेच उतरतील. आईला कुणकुण लागलीय, ती रडते. तळाशी शोधायचं कसं, आणि यात काही चूक आहे का? (नाव-गाव छापू नका.)

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गोटीच्या बाटलीबद्दल तू जे लिहिलंयस ते वाचताना फार बरं वाटलं, आणि ‘पहाटे एकटाच’ या शब्दांपाशी आल्यावर पोटात खड्डा पडला.

उतरूच नकोस असं मी म्हणणार नाही. मी स्वतः वीस वर्षं बंदरांमध्ये पाणबुड्याचं काम केलंय. धक्क्याचे खांब चाचपायचे, बोटीच्या पंख्यात गुंडाळलेली दोरी कापायची, तुटलेला नांगर शोधायचा. त्यातलं बहुतेक पाणी तुझ्या खाडीसारखंच होतं. त्या काळोखात हाताला जेव्हा काचेचा गुळगुळीत गोलावा लागतो तेव्हा काय वाटतं ते मला ठाऊक आहे. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. काकांना सांगितलेलं नाही, मालकाला कळू द्यायचं नाही, गावाला कळू द्यायचं नाही, आईपासून लपवायचं, आणि वर तो गिऱ्हाईकही म्हणतो की कुणाला सांगू नकोस. पाणी गढूळ आहे याची मला तितकी भीती वाटत नाही. तू पाण्यात आहेस हे वर एकाही माणसाला माहीत नसणार, याची वाटते.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. डिसेंबर महिना, धक्क्याला लागून पाच मीटर पाणी. कुणाच्या तरी हातून मोठा पाना पडला होता. पाच मिनिटांचं काम म्हणून मी कमरेला दोरी न बांधता उतरलो. खांबामागे नायलॉनचं फाटकं जाळं होतं. ते माझ्या सिलिंडरच्या वॉल्व्हला अडकलं, म्हणजे बरोबर डोक्याच्या मागे, जिथे हात नीट पोचत नाही. पुढे सरकलो तर ते आवळलं, वळलो तर आणखी गुंडाळलं. काहीच दिसत नव्हतं. सुरी काढली, ती हातातून सुटली. शेवटी श्वास घ्यायचा रेग्युलेटर दातांत घट्ट धरून पट्टे सोडले, अख्खा संच अंगावरून काढला आणि पोटाशी घेऊन चाचपत बसलो. तेवढ्यात वरून एक हात आला. धक्क्यावरच्या मदतनिसाने पाहिलं होतं की बुडबुडे बराच वेळ एकाच जागी येतायत, हलत नाहीत. तो दोरी घेऊन उतरला होता. तुझ्या पहाटे धक्क्यावर बुडबुडे बघणारं कोण असेल?

‘सहा-सात मीटरच तर पाणी आहे’ असं तू लिहिलंस. कोर्समध्ये शिकलेलं जरा आठव. सहा मीटरवर घेतलेला छातीभर श्वास वर येईपर्यंत दीडपटीहून जास्त फुगतो. काळोखात काही अडकलं, काही अंगाला लागलं की माणूस दचकतो, श्वास रोखतो आणि सरळ वर सुटतो. फुप्फुसं फाटायला तेवढं पुरतं. उथळ पाणी म्हणून जे धाडस करतात, त्यांनाच हे भोवतं. दाबातला फरक वरच्या थरातच सगळ्यात झपाट्याने होतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे काकांशी बोल. ते तुला अडवतील असं धरून चालू नकोस. तुला जे हवंय त्यातलं अर्धं त्यांच्याकडेच आहे. होडी आहे, खाडीची ओळख आहे आणि बोट नेमकी कुठे थांबायची याची आठवण आहे. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, ये-जा करत. म्हणजे बाटल्या धक्क्याच्या पायथ्याशी असतील तशाच बोटीच्या उभं राहण्याच्या जागेच्या आसपास आणि पडावांच्या वाटेवरही असतील. सोडा प्यायचा, बाटली पाण्यात. गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना विचार, ‘बोट आली की कळस कुठे दिसायचा?’ ते हात करून दाखवतील. काका मासेमारीची जागा खुणा धरून ओळखतात ना? देवळाचा कळस आणि मागच्या सड्यावरचं झाड एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा. तीच रीत इथे वापरायची.

आणि पाण्यात उतरण्याआधी पायी शोध. पाऊस संपला की अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सात-साडेसातच्या सुमारास उधाणाची सुकती असते. पाणी एरवीपेक्षा खूप मागे जातं आणि खाडीकाठचा चिखल उघडा पडतो. धक्क्यापासून दोन्ही बाजूंना चालत जा. काचेचे तुकडे कुठे दाट सापडतात, कुठे विरळ होतात ते वहीत मांड. त्या तुकड्यांच्या वाटेनेच तळातल्या ढिगाकडे जाता येतं. मला चांगल्या बाटल्या मिळाल्या त्यातल्या निम्म्या अशाच, गुडघाभर चिखलात. त्यासाठी एक थेंबही सिलिंडरची हवा लागली नाही.

उतरायचं तर तिथी उलटी धरायची. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हे काकांना तोंडपाठ असेल. दशमी-एकादशीला भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, आणि सकाळी साडेसात-सव्वाआठला भरती पुरी होते. भरतीचं पाणी समुद्राकडून आत येतं म्हणून त्यातल्या त्यात निवळ. ओहोटी सुरू झाली की खाडीचा सगळा गाळ तुझ्या अंगावर. भरती संपून पाणी थबकतं तो वेळ अर्ध्या तासाचा, कधी त्याहूनही कमी. पृष्ठभागावरचा फेस एका जागी थांबला की उतरायचं, सरकू लागला की वर. महिने म्हणशील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि पहाटेचं नाव सोड. पहाटे मासेमारीच्या होड्या बाहेर पडतात, अंधुक उजेडात त्यांना तुझं डोकं दिसत नाही. शिवाय खाडीच्या तोंडाशी डोलीची जाळी, म्हणजे ओढीत बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, कुठे लावलेली आहेत ते त्या दिवशी, त्या सकाळी विचारून घ्यायचं. ओढीच्या पाण्यात डोलीच्या तोंडाशी सापडलेला पाणबुड्या आपल्या ताकदीने बाहेर येत नाही.

आता दोरी. तुझ्या अंगावरच्या पट्ट्यांना बांधायची, वजनाच्या पट्ट्याला नाही, कारण अडचणीत वजनाचा पट्टा तू आधी सोडशील. दुसरं टोक काकांच्या हातात. खुंट्याला बांधून ठेवायची नाही, हातात धरायची. इंजिन बंद, नांगर टाकलेला, बाजूला तरंगता बोया आणि झेंडा. खुणा आधी कोरड्यावर ठरवून घ्या आणि दहा वेळा घोका. आमच्याकडे एक झटका म्हणजे ‘ठीक आहे’, चार म्हणजे ‘वर ये’ किंवा ‘वर घे’. दर दोन मिनिटांनी काकांनी एक झटका द्यायचा, तू एक परत द्यायचा. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारत बसायचं नाही, ओढायचं. घड्याळही काकांकडे, कारण तुला तुझं दिसणार नाही. विसाव्या मिनिटाला, हातात बाटली आलेली असो नसो, वर. आणि होडीत उतरायच्या तयारीने दुसरा पाणबुड्या हवा. मालवणला तुझ्याबरोबर काम करणारा कुणीतरी असेलच. माझ्या वेळी तो होता म्हणून आज हे लिहितोय.

हवा किती उरली ते कसं वाचायचं, हा प्रश्न तुला पहिल्याच बुडीत पडेल. काट्याची तबकडी मास्कला चिकटवली तरी मधल्या इंचभर पाण्यातला गाळ आड येतो. आम्ही खिशात छोटी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी ठेवत असू, नळाच्या स्वच्छ पाण्याने भरून गाठ मारलेली. ती मास्क आणि तबकडीच्या मध्ये दाबायची, बॅटरी बाजूने धरायची. पिशवीतल्या निवळ पाण्यातून काटा दिसतो. एरवी बॅटरीचा उपयोग नाही. आंबा घाटात धुक्यात हेडलाइट वर केल्यावर समोर जशी पांढरी भिंत उभी राहते, तसंच तिथे होतं. दोनशे बार दाबाची हवा घेऊन उतरलास तर शंभरवर परत फिरायचं.

याची सवय खाडीत करायची नसते. मास्कच्या काचेला आतून काळा कागद लावून पोहण्याच्या तलावात उतर, मित्राला जवळ ठेव. रेग्युलेटर तोंडातून काढून चाचपत शोध, मास्क पाण्याने भरून रिकामा कर, संच उतरवून पुन्हा चढव. माझा जीव ज्या हालचालीने त्या दिवशी तगला ती मी आधी तलावात पन्नासदा केलेली होती. पहिल्या कोर्सवर हे काम करू नकोस. तू मालवणातच असतोस, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. पुढचा कोर्स आणि बचावाचा कोर्स, दोन्ही पुरे कर. आणि सिलिंडर मालकाकडून मागून घे, गुपचूप नको. तो कुठे नेतोयस ते सांगितलंस म्हणजे आणखी एका जाणत्या माणसाला तुझा ठावठिकाणा कळला. शिवाय परत आणलेल्या सिलिंडरच्या वॉल्व्हमध्ये खाडीचा गाळ राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर एखादा पर्यटक श्वास घेणार आहे, हे विसरू नकोस.

शोधायचं कसं हे तू अगदी मनापासून विचारलंस. तिथे डोळे मिटून घेतलेस तरी चालेल, मी मिटत असे. उगाच बघायचा प्रयत्न केला की जीव घाबरा होतो. पोटावर हलके पडायचं, पाय हलवायचे नाहीत. वरचा थर मऊ असतो, साबणाच्या फेसासारखा, त्यात हात मनगटापर्यंत विनासायास जातो. खाली रेव किंवा घट्ट चिखल लागतो. बाटल्या बहुधा या दोन थरांच्या सांध्यावर आडव्या असतात. जाड हातमोजे घाल, कालवांची धार ब्लेडसारखी असते. बोटं पसरून, तळवा सपाट ठेवून, शेतात फाळ फिरतो तशी एकेक पट्टी पुरी करत जायचं. दगड खरबरीत लागतो, कालव टोचतं, काच मात्र एकदम निसटते. निसटलं की थांबायचं. आधी तिचं तोंड कुठे ते बाहेरून चाचपायचं. बोट आत घालायचं नाही. फुटलेली कड असते, खेकडा असतो, शिंगाळा या काटेरी माशाचं पिल्लूही असतं. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास हातपाय बुडवून ठेव आणि डॉक्टर गाठ. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेव. खाडीच्या पाण्यातली साधी चीरसुद्धा चिघळते.

बाटली हातात आली की अंगठा तिच्या कुशीवरून वर ने. साच्याची उभी रेघ लागेल. ती थेट ओठाच्या कडेपर्यंत गेली तर बाटली यंत्रावरची. तसली यंत्रं १९०३च्या सुमारास अमेरिकेत निघाली आणि मग जगभर पसरली. रेघ मानेतच विरली तर ओठ हाताने घडवलेला, म्हणजे बहुधा त्याआधीची. बूड टोकदार, अंड्यासारखं लागलं तर तीही सोड्याचीच. ती उभी ठेवता येऊ नये अशीच केलेली, म्हणजे आडवी राहून बूच ओलं राहतं आणि वायू जात नाही. आणि अंगावर उभे कंगोरे, सहा बाजू, असं काही लागलं तर जपून. विषारी औषधांच्या बाटल्या मुद्दाम तशा करत, रात्री दिव्याविना हाताला कळावं म्हणून. दीडशे वर्षांनी खाडीच्या काळोखात ती खूण आपल्या बोटांना कळते, याचं मला दर वेळी नवल वाटत आलंय. बूच शाबूत असून आत द्रव असेल तर उघडायची नाही.

तुझी गोटीची बाटली मात्र तू समजतोस तितकी जुनी असेलच असं नाही. ही रचना हायरम कॉड या इंग्रजाची, १८७०च्या दशकातली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट बसते, बूच लागतच नाही. पण आपल्याकडे या बाटल्या पुढे कित्येक दशकं चालल्या, गोटी सोडा आजही मिळतो. म्हणून काचेवर उमटवलेलं नाव, गाव, रेघ, बुडबुडे हे सगळं बघावं लागतं. आणि सगळ्यात जास्त बघावं लागतं ते ती कुठे, कशाशेजारी पडली होती हे. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफवर एक बुडालेलं जहाज आहे. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना तिथे भाजलेल्या मातीचे खांबांचे तुकडे, विटा मिळाल्या आणि त्यांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का होता, १८६५ सालासकट. जहाज त्यानंतर बुडालं आणि इमारतीचा माल नेत होतं, हे त्या शिक्क्यावरून कळलं. ते तुकडे कुणी गुपचूप उचलून मुंबईला विकले असते तर त्या शिक्क्याने कुणालाही काही सांगितलं नसतं.

म्हणूनच ‘कुठे मिळाल्या ते सांगू नकोस’ म्हणणाऱ्या गृहस्थांना एकही बाटली देऊ नकोस. यात कायदाही आहे. शंभर वर्षांवरची, इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू १९७२च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती तुला-मला देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, असा १८७८चा कायदाही आहे. धक्का बंदराच्या हद्दीत असेल तर मेरीटाइम बोर्डाला अर्ज कर. रत्नागिरीत पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, तिथे काकांना घेऊन जा, वही आणि बाटली दाखव, काय करता येईल आणि काय नाही ते लिहून घे. तळाला लाकडाच्या फासळ्या, तोफेसारखं काही, चिनीमातीचा ढीग असं लागलं तर हात मागे घ्यायचा आणि जागा कळवायची. मालवणच्या कामाबद्दलही सांगून ठेवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं पाणी १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून बाटली नाही, शिंपलाही उचलायचा नाही.

आणखी एक. कोकणच्या वाटेवर बुडालेल्या सगळ्याच बोटी रिकाम्या नव्हत्या. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ला रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेवर माणसं गेली. तुझ्या खाडीतही कधी एखादा पडाव उलटला असेल. गावात विचारताना हेही विचार. तशी जागा असेल तर ती सोडून दे.

आईला काय सांगायचं? हे पत्र वाचून दाखव. मग तिला होडीत बसव, किंवा धक्क्यावर, काकांच्या हातातली दोरी दिसेल अशा जागी. तू काळोखात आहेस हे तिला माहीत असेल, पण दर दोन मिनिटांनी दोरी हललेली तिला दिसेल. माझी आई अशी एकदा येऊन बसली होती. त्यानंतर ती रडली नाही, मात्र दोरीची गाठ दर वेळी स्वतः तपासत असे.

शेवटी त्या पहिल्या बाटलीचं. मार्चपासून ती कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस. फडताळात कोरडी ठेवली असशील तर आधी नीट बघ. काचेवर अभ्रकासारखे रंगीत पापुद्रे दिसतायत का? खाऱ्या पाण्याने काचेतला क्षार वर्षानुवर्षं ओढून घेतलेला असतो, वाळली की पापुद्रे सुटतात, आणि त्यांच्याबरोबर उमटवलेली अक्षरंही जातात. पापुद्रे सुटू लागले असतील तर तिला पाणी लावू नकोस, घासू नकोस, मऊ कापडात गुंडाळून तशीच रत्नागिरीला ने. अजून ओली असेल, किंवा पुढे मिळेल ती, लगेच गोड्या पाण्याच्या बादलीत बुडव. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत राहा, महिनाभर. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको. चिकटलेली कालवं बांबूच्या काडीने, ओली असतानाच, हलक्या हाताने. अक्षरं दिसू लागली की वहीत उतरवून घे आणि मला लिहून पाठव, मी वाट बघतोय.